जाताना उजव्या हाताला

आमच्या दाराच्या आतल्या बाजूला, वरच्या कोपऱ्यात, स्क्रूची चार भोकं दिसतात. तिथं दोन महिने एक कडी होती आणि कडीला कुलूप. ती मीच बसवली होती, स्टुलावर चढून. कुलपाची किल्ली माझ्या मोजपट्टीच्या टोकाला बांधलेली असायची, कारण मी शिवणकाम करते, मोजपट्टी दिवसभर माझ्या गळ्यात असते आणि गळ्यातली वस्तू हरवत नाही. भोकं कसली म्हणून कुणी विचारलं तर मी खरं तेच सांगते, नवऱ्याला कोंडायला कडी लावली होती. लोक हसतात. त्यांना वाटतं, ही बाई गंमत करतेय.

आमचे हे पोस्टमन. एकतीस वर्षं यांनी याच भागात टपाल वाटलं. मग निवृत्तीला चार महिने उरले असताना यांच्या मेंदूत रक्ताची गुठळी झाली. दवाखान्यातून घरी आले तेव्हा हात-पाय ठीक, बोलणं ठीक, जिभेची चव ठीक. माझ्या हातच्या सूपला नावं ठेवली तेव्हाच मी ओळखलं की माणूस शाबूत आहे. फक्त एक गोष्ट गेली होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "यांच्या डोक्यातला नकाशा पुसला गेलाय. घरं ओळखतील, माणसं ओळखतील, पण कुठून कुठं वळायचं ते कळणार नाही."

मला वाटलं, डॉक्टर लोक वाढवून सांगतात. पंधरा दिवसांनी हे पाव आणायला म्हणून गेले आणि पाच तास आलेच नाहीत. एका शाळेतल्या बाईंनी यांना घरी आणून सोडलं. शाळेच्या फाटकाशी हे उभे होते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला आमचाच पत्ता विचारत होते. पत्ता तोंडपाठ, वाट ठाऊक नाही! त्या पाच तासांत माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं. दुसऱ्या दिवशी मी कडी आणली.

हे भांडले असते तर बरं झालं असतं, भांडणाला मी केव्हाही तयार असते. हे नुसते खिडकीशी जाऊन बसले.

आता वन्संबद्दल सांगायला हवं. वन्सं म्हणजे यांची थोरली बहीण. लग्न केलं नाही, जन्मभर एका प्रयोगशाळेत लोकांचं रक्त तपासलं, आणि गुडघे कामातून गेले तेव्हा आमच्या मागच्या खोलीत राहायला आल्या. येताना दोन पेट्या आणि एक कॉम्प्युटर घेऊन आल्या. वय एकसष्ट, चष्म्याला साखळी, आणि दिवसभर काय करायच्या, तर खेळ खेळायच्या. ठोकळ्यांचा. त्या खेळात सगळं चौकोनी. झाड चौकोनी, डोंगर चौकोनी, सूर्यसुद्धा चौकोनी. दगड फोडायचे, लाकडं तोडायची, घरं बांधायची, गुहेत शिरायचं, आणि हे सगळं कशासाठी, तर कशासाठीच नाही. कुणी जिंकत नाही, कुणी हरत नाही.

मी मशीनवर बसलेली असायचे आणि मागच्या खोलीतून मेंढ्यांचं बें-बें ऐकू यायचं. "घरात माणसं तीन आणि गुरं चाळीस," असं मी मुद्दाम मोठ्यानं म्हणायचे. वन्सं आतूनच उत्तर द्यायच्या, "तुझ्यापेक्षा कमी ओरडतात." तीस वर्षं आमचं हे असंच चाललेलं. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझ्या शिलाईला नाक मुरडलं होतं, ते मी विसरले नव्हते आणि विसरायचा विचारही नव्हता.

कडी लावल्यानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी हे खिडकी सोडून वन्संच्या खोलीत जाऊन बसले. मला जरा सुटल्यासारखंच झालं. दोघं भावंडं एका स्टुलावर नि एका खुर्चीवर, पडद्यासमोर. मी चहा द्यायला गेले की कानावर पडायचं:

"ताई, मी कुठं आलो?"

"मला काय ठाऊक? तूच चालत गेलास."

"हरवलो की गं."

"हरव की. इथं हरवायला बंदी नाही."

आणि खरंच हे तिथं दिवसातून दहा वेळा हरवायचे. दरीत पडायचे, तापलेल्या लाव्हारसात जळून जायचे, एक हिरवं भूत फुस्स करून यांना उडवून द्यायचं. मेले की पुन्हा आपल्याच बिछान्यावर जागे व्हायचे. एकदा मी दारात उभी होते तेव्हा हे मरून उठले आणि इतके हसले की मला परत जाऊन मशीनवर बसावंसं वाटेना. गुठळीनंतर ते हसणं मी ऐकलं नव्हतं. पण तोंडानं मात्र मी म्हणाले, "दोघांच्या वयांची बेरीज केली तर सव्वाशेच्या घरात जाते आणि चाललेत मातीचे ठोकळे खेळायला." स्वभावाला औषध नाही.

मग वन्संनी यांना गुहेत न्यायला सुरुवात केली. जमिनीखाली त्या खेळात अंधाऱ्या गुहाच गुहा असतात, एकीतून दुसरी, दुसरीतून तिसरी. माझ्यासारखीचंही डोकं गरगरेल. एका दुपारी मी एक पँट आखूड करत होते आणि आतलं बोलणं ऐकू येत होतं.

"वाट लक्षात ठेवायला जाऊ नकोस," वन्सं सांगत होत्या. "ती मलाही राहत नाही. मशाल लाव. जाताना कायम उजव्या हाताला लावायची. डावीकडे एकही नाही. म्हणजे परत येताना सगळ्या डाव्या हाताला दिसतील. डाव्या हाताला असल्या तर घरी चाललास. उजवीकडे दिसल्या तर समज, पुन्हा आत चाललायस."

"एवढंच?"

"एवढंच. डोकं नाही लागत, हात लागतो."

मी पँटची दुमड टाचली आणि ते बोलणं या कानानं ऐकून त्या कानानं सोडून दिलं.

पुढचे काही आठवडे त्यांचं आणखी एक चाललं होतं. यांना टपालाचा क्रम अजून पाठ होता. पितळी घंटीवालं घर, मग डाव्या हातानं सही करणाऱ्या बाई, मग कुत्रा, मग जुळ्या मुलींचं घर, मग लाँड्री. यादी सरळ यायची, फक्त त्यातलं वळण कुठं ते येत नव्हतं. हे सांगत जायचे आणि वन्सं त्या खेळात एकेक घर बांधत जायच्या. कुत्र्याच्या घरापुढे त्यांनी लांडगा बांधून ठेवला होता, कारण खेळात तेच जवळचं मिळालं. असा अख्खा आमचा भाग झाला. आमच्या दारापासून चार वळणं घेऊन लाँड्रीच्या पुढच्या टपालपेटीपर्यंत. आमच्या घराला दार होतं, दाराला कडी नव्हती.

एक दिवस जेवताना वन्सं म्हणाल्या, "वहिनी, दार उघड. याला टपालपेटीपर्यंत एकटं जाऊन येऊ दे."

मी भाजी वाढायचा चमचा खाली ठेवला. "आणि नाही आले तर? तुमच्या खेळातल्यासारखे बिछान्यावर उगवतील का?"

"त्या खेळात तो रोज जाऊन येतो."

"तिथं मोटारी नाहीत वन्सं. तिथं मी विधवा होत नाही."

मग हे बोलले. आवाज शांत होता. "अगं, एकतीस वर्षं मी चालून पोट भरलं. आता मला दारापर्यंत सोळा पावलं आहेत. मी मोजलीत. मला एकदा जाऊ दे. चुकलो, तर ती कडी राहू दे. कायमची राहू दे. मी पुन्हा नाव काढणार नाही."

खरं सांगते, मला तो सौदा सोयीचा वाटला. एकदा चुकू देत, म्हणजे रोजची कटकट मिटेल, असं माझ्या मनात आलं. हे सांगताना लाज वाटते, पण आलं होतं हे खरं. मी म्हणाले, "एकदा. चुकलात तर पुन्हा विषय नाही."

"नाही," हे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला निघायचं ठरलं. वन्संनी एका पाकिटावर आमचाच पत्ता लिहून तिकीट लावून दिलं. ते पेटीत टाकायचं, म्हणजे हे पोचल्याचा पुरावा दोन दिवसांनी आपणहून घरी येईल. यांनी निघताना कपाटातून बिस्किटांचा जुना डबा काढला आणि त्यातली मूठभर लाल रबरं खिशात घातली. ही टपालाच्या गठ्ठ्यांची रबरं. एकतीस वर्षं यांचे कपडे धुताना प्रत्येक खिशातून मी ती काढली होती, शिव्या देत, आणि फेकवेनात म्हणून डब्यात टाकली होती. मला वाटलं, जुन्या सवयीनं घेतली असतील.

मी कुलूप उघडलं. हे गेले. मी दहापर्यंत आकडे मोजले आणि वन्संना म्हणाले, "जरा एक झगा देऊन येते." हातात झगाबिगा काही नव्हता. वन्संनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

मी यांच्या मागे तीसेक पावलांवरून चालत होते, कुंपणांच्या कडेकडेनं. हे अगदी रमत चालले होते. मधूनच उजव्या बाजूच्या एखाद्या फाटकाशी थांबायचे, काहीतरी करायचे, पुढं जायचे. मी तिथं पोचले की बघायचे, फाटकाच्या खिट्टीवर नाहीतर कुंपणाच्या टोकावर एक लाल रबर, दोन वेढे घालून बसवलेलं. बघितलं आणि काढून घेतलं. मनात काही विचार नव्हता. शिवणाऱ्या बाईचा हात असतो तो, चालता चालता जमिनीवरची टाचणी दिसली की वाकून उचलायची, नाहीतर कुणाच्या तरी पायात जाते. शिवाय यांची रबरं गोळा करणं हे तर माझं आयुष्यभराचं काम. काढायची, मनगटावर चढवायची. लोकांच्या फाटकांना काय चिकटवत सुटलेत हे, म्हणून वर वैतागतही होते. जित्याची खोड!

असं करत चार वळणं झाली. हे लाँड्रीवरून पुढं गेले, टपालपेटीपाशी पोचले, पाकीट आत टाकलं आणि वर दोनदा थाप मारली. मी लाँड्रीच्या गाडीमागे लपले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पोचले की! मग हे वळले आणि यायला लागले. लाँड्रीच्या पुढची दोन रबरं मी अजून काढलेली नव्हती. हे पहिल्यापाशी आले, डावीकडे बघितलं, त्याला बोट लावलं. दुसऱ्याला लावलं. पुढच्या फाटकाशी आले, डावा हात पुढं केला, आणि तिथं काहीच नव्हतं.

हे थांबले. खिट्टी चाचपली. खाली वाकून बघितलं. वर बघितलं. मग रस्त्याच्या मधोमध उभं राहून एकदा इकडे आणि एकदा तिकडे बघायला लागले, आणि यांचा चेहरा मला दिसला. शाळेच्या फाटकाशी तो तसाच असणार.

डाव्या हाताला असल्या तर घरी चाललास.

माझ्या मनगटावर नऊ लाल रबरं होती. बांगड्या घालाव्यात तशी मी ती घालून उभी होते. या माणसाची परतीची सगळी वाट मी माझ्या हातानं उचलून घेतली होती, नीटनेटकेपणा म्हणून.

पुढं होऊन यांचा हात धरणं सगळ्यात सोपं होतं. पण मग कडी कायमची होती, आणि ठरल्याप्रमाणे हे पुन्हा नाव काढणार नव्हते. हे शब्दाचे पक्के आहेत. गाडीमागून मी यांच्याकडे बघत होते आणि मला पहिल्यांदा कळलं की हे चुकावेत असं मला नकोय. मला हे यायला हवे होते. यांचे यांनी.

हे पाठमोरे झाले तेव्हा मी गाडीमागून निघाले आणि पळाले. अठ्ठावन्न वर्षांची बाई, गळ्यात मोजपट्टी, पायांत घरातल्या चपला. पुढच्या फाटकाच्या टोकावर एक रबर अडकवलं आणि वळणाआड झाले. कुंपणातून डोकावले. हे वळले, बघितलं, आणि यांचे खांदे खाली आले. बोट लावलं आणि चालायला लागले.

मग मी पुढं आणि हे मागं. कुठल्या फाटकाचं रबर काढलं होतं ते आठवून आठवून लावत होते. आणि गंमत बघा, ज्या भागात मी तीस वर्षं राहते, तिथं मलाच आठवेना. घंटीवाल्या घराला होतं की त्याच्या अलीकडच्या? डावीकडे म्हणजे यांची डावीकडे की माझी? दोघांची एकच, अगं बाई, दोघंही घरीच चाललोय! एका फाटकातून कुत्रा भुंकला तर मी त्यालाच हात जोडले. जुळ्या मुलींची आई झाडांना पाणी घालत होती, तिनं विचारलं, "काकू, काय हो?" मी म्हणाले, "व्यायाम." तीन वळणं पार पडली. चौथ्यावर, जिथून आमची गल्ली लागते तिथं, मी शेवटचं रबर ताणलं आणि ते जुनं रबर तुटून गटारात गेलं.

मागून पावलं ऐकू येत होती. खिसे बघितले, एक चिंधी नाही. हे वळण महत्त्वाचं होतं. इथं सरळ गेलं की थेट मोठा रस्ता. विचार करायला वेळ नव्हता. मी गळ्यातली मोजपट्टी काढली, वळणावरच्या खांबाला गुंडाळली, एक गाठ मारली आणि घराकडे धूम ठोकली.

घरात येऊन मशीनवर बसले, कुठलंतरी कापड सुईखाली घातलं आणि पाय मारायला लागले. मशीनमध्ये दोरा नव्हता. वन्सं दाराशी खुर्ची घेऊन बसल्या होत्या. त्यांनी माझा घाम बघितला, रिकामा गळा बघितला. "झगा बसला का?" एवढंच विचारलं.

दार लोटलेलं होतं. ते उघडलं आणि हे आत आले. घामेजलेले, लाल झालेले, आणि चांगले दोन इंच उंच झालेले. वन्सं उठायला गेल्या, गुडघ्यांनी ऐकलं नाही, मग बसल्या जागेवरूनच त्यांनी दोन्ही हात पुढं केले. यांनी बहिणीचे हात धरले आणि मग माझ्याकडे आले. मशीनवर मोजपट्टी ठेवली. तिच्या टोकाला किल्ली तशीच होती.

"डाव्या हाताला होती," हे म्हणाले.

मी तशीच पाय मारत राहिले.

"मी रबराला दोन वेढे देतो," हे पुढं म्हणाले. "गठ्ठा सुटू नये म्हणून. येताना पहिली दोन सोडली तर सगळ्यांना एकच होता."

म्हणजे यांना पहिल्यापासून कळलं होतं. मी रडायला लागले ते काही केल्या थांबेना. "मीच काढली होती हो," मी म्हणाले. "मला माहीत नव्हतं. मीच सगळी काढली."

"पण लावलीसही," हे म्हणाले. "हात धरून आणायला आली असतीस तर मी आलो असतो. मग संपलंच होतं."

त्याच दुपारी स्टुलावर चढून मी ती कडी काढली. वन्संनी खालून स्क्रू झेलले. मला तेव्हाच त्यांना काहीतरी म्हणायचं होतं, पण तीस वर्षं ज्या तोंडानं टोमणे मारले त्या तोंडाला दुसरं काही पटकन जमत नाही. मी नुसतं म्हणाले, "एक स्क्रू खुर्चीखाली गेलाय." त्या म्हणाल्या, "दिसतोय."

दोन दिवसांनी पाकीट आलं. आता टपाल वाटायला एक तरुण मुलगी येते, तिनं ते यांच्याच हातात दिलं. आत काहीच नव्हतं. यांनी ते रिकामं पाकीट उलटसुलट करून कितीतरी वेळ बघितलं.

मग मी ठरवलं. रविवारी मशीन बंद ठेवलं आणि कागद घेऊन बसले. लिहायची सवय नाही, चार कागद फाडले. शेवटी लिहिलं ते असं:

'वन्सं, शिसानविवि. मी तुमच्या खेळाला रोज नावं ठेवली. तुम्ही त्या खेळात माझ्या नवऱ्याला हरवू दिलंत, मी घरातसुद्धा हरवू देत नव्हते. त्याला कोंडणं मला जमलं, वाट दाखवणं तुम्हाला. हे मी समोर बोलू शकत नाही, कारण समोर आले की मी भांडते. तुमचे उपकार आहेत आणि मला ते फेडायचे नाहीत, तसेच राहू द्यावेत असं वाटतं. शिलाईबद्दल तुम्ही म्हणाला होतात तेही खरं होतं, तेव्हा माझी शिवण तिरकीच जायची. तुमची वहिनी.'

पाकिटावर आमचाच पत्ता घातला, मागची खोली असंही लिहिलं, आणि यांच्या हातात दिलं. यांनी नाव वाचलं. डब्यातून रबरं घेतली आणि निघाले. मी मशीनवर बसून राहिले. मागे गेले नाही. दोरा ओवायला मला तीन खेपा लागल्या, पण गेले नाही. पस्तीस मिनिटांनी हे परत आले.

मंगळवारी टपाल आलं. यांनी ते जाऊन बहिणीला दिलं, पोस्टमन देतो तसं, दारावर टकटक करून. आत मेंढ्यांचं ओरडणं बंद झालं. मी पायानं मशीन धरून बसले होते.

"वहिनी," आतून वन्संचा आवाज आला. "मिळालं गं."

"बरं," मी म्हणाले.

"आत ये. तुलाही शिकवते."

मी मोजपट्टी काढून मशीनवर ठेवली आणि आत गेले.